अंगणातला अंजन: बी पेरल्यापासून १४ महिन्यांचा अनुभव

अंजनाचं झाड लावणार असाल तर पिशवीतलं रोप घेऊ नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण माझे १२० रुपये आणि एक अख्खा पावसाळा त्यात गेला.

जळगावच्या आमच्या प्लॉटवर मुरुमाची भर आहे, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. मला इथलंच झाड हवं होतं. जुलैत रोपवाटिकेतून हातभर उंचीचं रोप आणलं, ते दिवाळीपर्यंत वाळलं. तक्रार घेऊन गेलो तर मालक म्हणाले, "तुमचं पाणी जास्त झालं." मी त्यांच्यासमोरच रोपाची माती धुतली. सोटमूळ पिशवीच्या तळाशी तीन वेढे घालून बसलेलं. अंजन वर वीतभर वाढण्याआधी खाली हातभर जातो, त्याचं सगळं बळ त्या सोटमुळात. त्याला आठ इंचांच्या पिशवीत कोंडलं तर तो जगेल कसा? बदली रोप पुढे केलं, तेही तसल्याच पिशवीत. नाही घेतलं. पैसेही मिळाले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात सासरवाडीला, चोपड्याकडे, बांधावरच्या जुन्या अंजनाखाली पंखासारख्या चपट्या शेंगा पडल्या होत्या. एका शेंगेत एकच बी. वीस उचलल्या, फुकट. पहिल्या चांगल्या पावसानंतर घरापासून बारा फुटांवर पाच खड्ड्यांत टाकल्या, चौदा उगवल्या. प्रत्येक ठिकाणी जोमदार तेवढं ठेवलं. बाकीची उपटली नाहीत, कात्रीने कापली; उपटताना शेजारचं मूळ हलतं.

एप्रिलमध्ये पाचही रोपं जमिनीलगत वाळली. चिडून मेहुण्याला फोनवर सांगितलं, "अंजनाच्या नादी लागू नका." सासरे आले, बोटाने माती उकरली आणि म्हणाले, "मरेल नही शे, खाले दडेल शे." म्हणजे मेलेलं नाही, खाली दडलंय. जूनच्या सरींनंतर चार खड्ड्यांत तांबूस कोंब आले, आपट्यासारखी पण बारीक जोडपानं. मेहुण्याला सांगितलेलं मागे घेतलं. लहानपणी अंजन उन्हाळ्यात असा वरून वाळतो आणि मुळातून पुन्हा फुटतो, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

ठिबकची नळी बुंध्यापासून दोन फूट लांब नेली. रोज वरच ओल मिळाली तर मूळ खाली कशाला जाईल? शेळ्यांना हा पाला फार आवडतो, म्हणून भोवती बाभळीच्या काट्या लावल्यात. उंची अजून वीतभरच. घाई असेल त्यांनी कडुनिंब लावावा.

पाचवा खड्डा रिकामा ठेवलाय. तिथे येत्या मे महिन्यातली ताजी शेंग पडेल.