पेरोनीत ताठरताही गेलीय? मग कांडीवालं इम्प्लांट की पंपवालं

पहिलं हे बघा, पेरोनी (लिंगात आत कडक गाठ होऊन ते वाकडं होतं तो आजार) झाला म्हणजे इम्प्लांटच, म्हणजे ताठरतेसाठी लिंगात बसवायचं साधनच, लागतं असं नाही. नुसता वाकडेपणा आहे आणि गोळी घेऊन का होईना ताठरता येते, तर टाके घालून सरळ करायचं ऑपरेशन असतं, त्याचं आधी विचारा, कारण इम्प्लांट बसवलं की आतली नैसर्गिक ताठरता कायमची जाते, मग मागं फिरता येत नाही. गोळ्या-इंजेक्शनं सगळं करून झालंय, दुखणं थांबलंय आणि वाक काही महिने आहे तेवढाच राहिलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सेमी-रिजिड म्हणजे आत दोन कांड्या, हातानं वर करायच्या आणि काम झालं की खाली वाकवायच्या. पंप नाही, टाकी नाही, त्यामुळं बिघडायला फारसं काही नाही, आणि भारतात बनणारं शहा इम्प्लांट याच प्रकारातलं, खर्चाला लई हलकं. बोटांत संधिवात असेल, हात थरथरत असेल तर हेच सोयीचं. पण लिंग चोवीस तास कडक राहतं. आपल्याकडं तालमीत लंगोट लावणारे, पंचगंगेवर पोहायला जाणारे लोक आहेत, त्यांना ते लपवणं जड जातं. शिवाय जुनी शुगर असून तिथली संवेदना कमी झाली असेल तर सततच्या दाबानं कांडी आतून बाहेर यायचा धोका असतो, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

तीन भागांच्या इम्प्लांटमध्ये लिंगात दोन सिलिंडर, अंडकोषाच्या पिशवीत पंप आणि ओटीपोटात सलाईनची टाकी. पंप दाबला की भरतं, एरवी नरम, कुणाला कळत नाही. पेरोनीला याचा खरा फायदा ऑपरेशनच्या टेबलावरच होतो, सिलिंडर फुगवून सर्जन लिंग वाकाच्या उलट्या बाजूला दाबून धरतात आणि कडक झालेली गाठ सैल पडते, विल्सन आणि डेल्क या डॉक्टरांनी 1994 मध्ये मांडलेली ही रीत. एवढं करूनही साधारण 30 अंशांपेक्षा जास्त वाक राहिला तर टाके किंवा ग्राफ्ट (गाठीच्या जागी ठिगळ लावणं). कांड्यांवर असं सरळ करणं तेवढं जमत नाही, म्हणून वाक मोठा असेल आणि पैशाची सोय होत असेल तर मी तीन भागांचंच घ्या म्हणेन. त्यातही एएमएस 700 सीएक्स नाहीतर कोलोप्लास्ट टायटन ही मॉडेलं विचारा. एएमएस 700 मधलंच एलजीएक्स मॉडेल लांबीतही फुगतं म्हणून मोह होतो, पण वाक असताना बरेच सर्जन ते टाळतात.

खर्च मात्र लाखांत जातो, आणि यंत्र आहे, काही वर्षांनी बिघडून बदलायला लागू शकतं. हर्नियाची जाळी किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल तर टाकी कुठं ठेवणार तेही बोलून घ्या. दोन भागांचं पण मिळतं, पण त्याचा कडकपणा कमी पडतो, पेरोनीत मी तिकडं वळणार नाही.

गेलेली लांबी कुठल्याच प्रकारात परत येत नाही. शुगर आधी कंट्रोलमध्ये आणा, इन्फेक्शन झालं तर बहुतेक वेळा सगळं काढावं लागतं. कोल्हापुरात दाखवा नाहीतर पुण्या-मुंबईला जावा, पण पेरोनीच्या पेशंटला तीन भागांचं किती वेळा बसवलंय हे डॉक्टरांना तोंडावर विचारा, आणि बायकोला सोबत न्या, पंप कसा चालतो ते दोघांना एकदमच दाखवतील.