नवोदय, सैनिक स्कूल की पाचगणी? निवासी शाळा ठरवण्याआधी

मूल चौथी-पाचवीत आलं की काही घरांत निवासी शाळेचा विषय निघतो. गावात सातवीनंतर धड शाळा नसते, आईवडील दोघंही बदलीच्या नोकरीत असतात, आजोबांना नातू फौजेत हवा असतो, किंवा शाळा-क्लास-मोबाइल या चक्राचा नुसता कंटाळा आलेला असतो. मग नवोदय, सातारचं सैनिक स्कूल आणि पाचगणीची एखादी शाळा ही नावं एका दमात घेतली जातात, आणि तुलना थेट फी आणि दहावीच्या निकालावर जाऊन थांबते. माझ्या मते आधी पाहायचं ते वेगळंच. शाळा मुलाला आत कशी घेते ते नीट बघा. पुढची सहा-सात वर्षं ती त्याच्याशी कशी वागणार, याचा बराच अंदाज तिथेच येतो.

नवोदयपासून, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांपासून, सुरुवात करू, कारण खर्च जवळजवळ नाही आणि चुरस भरपूर. पहिल्या दोन नवोदय शाळा १९८५-८६ मध्ये निघाल्या, त्यातली एक आपल्या अमरावतीत आणि दुसरी हरियाणातल्या झज्जरला. आज कागल, सावंतवाडीजवळचं सांगेली, गोव्यातलं काणकोण अशी गावं अनेकांना या शाळेमुळेच माहीत आहेत. प्रत्येक शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ. सरकारी नोकरदारांना जास्त भरावा लागतो.

प्रवेश फक्त एका परीक्षेवर. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे गुण आकृत्यांच्या मानसिक क्षमता चाचणीला, उरलेले अंकगणित आणि भाषेला समसमान. पेपर मराठीतून देता येतो. मुलाखत नाही, बाप काय करतो हा प्रश्न नाही, इंग्रजी फाडफाड बोलण्याची अट नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला बरोबरीने उभं करणारी अशी दारं आपल्याकडे फार थोडी आहेत. पण नियम कडक आहेत आणि पालक नेमके तिथेच फसतात. ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, आणि ग्रामीण म्हणवून घ्यायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत काढलेली हवीत. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरलं जातं. म्हणून ‘चौथीला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालू, मग नवोदयचं बघू’ हा बेत करण्याआधी ती शाळा नगरपालिका हद्दीत येते का ते पाहावं. राहणं आणि पाचवी त्याच जिल्ह्यात हवी. परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही.

आत गेल्यावरही शाळेचा स्वभाव तोच: सगळ्यांना एकच माप. मुलांची विभागणी होते ती अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही सदनं (हाउस) देशभर त्याच नावांची. सुरुवातीची वर्षं मराठीचा आधार राहतो, मग गणित-विज्ञान इंग्रजीत जातं. नववीत एक वळण येतं, ज्याची घरात आधी चर्चा झालेली बरी. वर्गातली सुमारे ३० टक्के मुलं एका वर्षासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची इकडे येतात. तेरा-चौदाव्या वर्षी दुसऱ्या राज्यात वर्षभर. काही मुलं यातून फार छान उघडतात. ज्यांना घरची ओढ जास्त, त्यांना ते वर्ष जड जातं.

सैनिक स्कूलचा हिशेब सरळ आहे. साताऱ्याचं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झालं, देशातलं पहिलं. सहावी आणि नववी ही दोनच दारं. सहावीच्या लेखी परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला, त्यामुळे गणित कच्चं असेल तर बाकीची तयारी फारशी उपयोगी पडत नाही. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा मात्र इंग्रजीतूनच. आणि सहावीत गेल्यावर वर्गात पहिल्या दिवसापासून इंग्रजी, हे पालक विसरतात. लेखीनंतर वैद्यकीय तपासणी. शाळेचा उद्देशच एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी) मुलं घडवण्याचा, म्हणून प्रवेशाआधी शरीरही तपासलं जातं. पहाटे पीटी, परेड, मग वर्ग, संध्याकाळी मैदान, रात्री प्रेप, म्हणजे ठरल्या वेळेचा अभ्यास. वेळापत्रकात ढिलाई नाही. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला, पण त्यांच्या जागा अजून थोड्या. मुलीसाठी खऱ्या अर्थाने सहशिक्षण हवं असेल, तर नवोदयमध्ये किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात, हा फरक लक्षात घ्या. खर्च वर्षाला लाखाच्या वर जातो. उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या आहेत. मुलाला स्वतःला गणवेशाची ओढ असेल तर ही शाळा सोन्यासारखी. ओढ फक्त आजोबांची असेल तर नको.

आता खासगी शाळा, आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. पाचगणीत शाळांची वस्तीच आहे. संजीवन विद्यालय १९२२ चं, न्यू एरा १९४५ मध्ये बहाई समाजाने काढलेलं. दोन्हीकडे मुलं-मुली एकत्र. राजगुरुनगरजवळच्या टेकडीवर तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या फाउंडेशनची सह्याद्री स्कूल आहे, १९९५ मधली, पूर्ण निवासी आणि सहशिक्षणाची. या शाळा एकसारख्या मुळीच नाहीत. सह्याद्रीत क्रमांक आणि बक्षिसांच्या शर्यतीला जागा नाही, जेवण शाकाहारी. ‘आमचा कितवा आला?’ विचारायची सवय असलेल्या आईबाबांना पहिली दोन वर्षं हे पचवणं अवघड जातं. पाचगणीच्या जुन्या शाळांत हाउसचा अभिमान, आंतरहाउस सामने, वार्षिक समारंभ हा सगळा थाट असतो.

प्रवेशही तसाच घरगुती आणि म्हणूनच थोडा धूसर. नोंदणी, इंग्रजी-गणिताची छोटी लेखी चाचणी, मुलाशी गप्पा, मग तुमच्याशी गप्पा. शेवटचा भाग परीक्षेइतकाच महत्त्वाचा असतो. मुलाला इथे का पाठवताय, हे शाळेला खरंच जाणून घ्यायचं असतं. ‘घरी ऐकत नाही म्हणून’ हे उत्तर चांगल्या शाळेला खटकतं, आणि खटकायलाच हवं. फी लाखांत. छापील आकड्यावर विसंबू नका. अनामत रक्कम, गणवेश, सहली, धोबी, औषधं, सुट्टीतला प्रवास हे वेगळं आहे की आत, ते लिहून मागा.

ज्या शाळांत बोर्डर (वसतिगृहात राहणारी मुलं) आणि डे-स्कॉलर (घरून येणारी) दोन्ही असतात, तिथे आणखी एक निवड करावी लागते, आणि तिची चर्चा कमी होते. वाई किंवा पाचगणीत राहणारं कुटुंब असेल तर साहजिक वाटतं की तीच शाळा, तेच शिक्षक, तेच मैदान, मग मूल घरून का जाऊ नये? पैसे वाचतात, रात्री मूल जेवायला घरी असतं. फरक शाळा सुटल्यानंतर कळतो. बोर्डरांची खरी शाळा तेव्हा सुरू होते: खेळ, चहा, प्रेप, डॉर्मिटरीतल्या गप्पा, रविवारचा सिनेमा. डे-स्कॉलर घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला कालच्या अर्ध्या विनोदांचा संदर्भ लागत नाही. उलट त्याची किंमतही असते, कारण दप्तरातून लोणचं, चिवडा, बाहेरच्या बातम्या आत आणणारा तोच. शाळा डे-स्कॉलरला संध्याकाळच्या खेळाला आणि प्रेपला थांबू देते का, हे आधी विचारा. देत असेल तर गावातल्या घराने डे-स्कॉलरच राहावं, असं मी म्हणेन. देत नसेल तर मूल निवासी शाळेत जाऊनही साधी शाळाच घेतंय. आणि बाहेरगावचे आईबाप केवळ डे-स्कॉलर ठेवण्यासाठी पाचगणीत भाड्याने खोली घेऊन एकाने तिथे राहायचं म्हणतात, तो मार्ग मला पटत नाही. त्यात ना घर राहतं ना वसतिगृह.

शाळा बघायला जाल ते जुलै-ऑगस्टमध्ये जा. पसरणीचा घाट चढताना पाऊस, वर धुकं, हॉस्टेलमध्ये न वाळलेले कपडे. एप्रिलच्या कोवळ्या उन्हात सगळीच पाचगणी सुंदर दिसते. मुख्याध्यापकांच्या दालनापेक्षा सिक रूम, स्वच्छतागृहं आणि मेस बघा. रात्री दोनला ताप आला तर कोण उठतं, तिथे परिचारिका आहे का, जवळचं रुग्णालय किती लांब, हे मेट्रनला (वसतिगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंना) विचारा. मुलींच्या वसतिगृहात रात्री कोण असतं, पॉक्सो कायद्याखाली तक्रार आली तर शाळेत कोण जबाबदार, हेही थेट विचारा. या प्रश्नाने जी शाळा दुखावते तिथे अर्ज भरू नये. फोन किती दिवसांनी, भेटीचा दिवस कधी, हे नियम तुम्हाला सोसवतील का, तेही आत्ताच ठरवा. मुलापेक्षा आईच जास्त रडते, हे वॉर्डनना पाठ असतं.

पुणे-मुंबईकरांकडून मसुरीचं वुडस्टॉक, हिमाचलातल्या सनावरचं लॉरेन्स, आंध्रातली ऋषी व्हॅली ही नावंही निघतात. जुन्या, नामांकित शाळा आहेत. पण पुण्याहून पाचगणी शंभरेक किलोमीटरवर, सकाळी निघून दुपारी पोराला भेटता येतं. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या सत्रातच गोवर आला तर हे अंतर फीपेक्षा महाग पडतं. ती नावं आठवीनंतरच्या विचारासाठी ठेवा.

पाचवीत असलेल्या, ग्रामीण शाळेत शिकणाऱ्या मुलाचा नवोदयचा अर्ज मात्र बाकी काहीही ठरो, भरून ठेवा. अर्जाला पैसे लागत नाहीत आणि संधी परत येत नाही. सैनिक स्कूलची परीक्षा वेगळ्या दिवशी होते, दोन्ही देता येतात. तारखा दर वर्षी मागेपुढे होतात, त्यामुळे जूनपासून दोन्हींच्या संकेतस्थळांवर लक्ष हवं. खासगी शाळेची नोंदणी करताना मात्र, सरकारी निकाल लागून मूल तिकडे गेलं तर भरलेल्या पैशातले किती परत मिळतील, हे पावती घेण्याआधी लेखी घ्या.