सव्वाशे पौंडांचा रोजच्या वापराचा किल्ट

ग्लासगोतल्या आमच्या मराठी मंडळींत किल्टबद्दल, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्याबद्दल, हमखास येणारा प्रश्न: एवढ्याशा कपड्याला सव्वाशे पौंड? एडिंबराच्या रॉयल माइलवर, त्या पर्यटकांच्या रस्त्यावर, तीस-चाळीस पौंडांत किल्ट टांगलेले असतात की! मुलासाठी आम्ही इथल्याच एका बाईंकडून किल्ट शिवून घेतला. त्या घरीच शिवतात, एकट्या. माझं मत विचाराल तर हा किल्ट स्वस्तात पडला. आईचं मिरजेत शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे कपडा उलटा करून आतली शिलाई बघितल्याशिवाय मी किमतीबद्दल बोलत नाही.

मुळात ते कापड एवढंसं नसतंच. पारंपरिक किल्टला आठ वार लोकर लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा वारभरच कमी. पुढचे दोन पदर सपाट एकमेकांवर येतात आणि बाकीचं जवळजवळ सगळं कापड मागच्या चुण्यांत जातं. त्या चुण्या हाताने शिवायच्या. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून किमान वेतन तासाला 12.21 पौंड होतं. कामाचे वीस तास धरले तरी नुसती मजुरी 244 पौंडांवर जाते, आणि त्यात लोकरीचा एक धागाही धरलेला नाही. म्हणून लग्नाकार्यासाठी इथले लोकही सर्रास किल्ट भाड्याने आणतात.

मुलाला तो मित्रांबरोबर केलीला, म्हणजे स्कॉटिश लोकनाचाच्या कार्यक्रमाला, आणि हॅम्पडेनच्या मैदानावर फुटबॉलच्या सामन्यांना घालायचा होता. बिअर सांडणार, पाऊस लागणार. त्यासाठी बाईंनी पॉलिव्हिस्कोसचा (पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्र कापडाचा) पाच वारी किल्ट सुचवला, मशीनवर शिवलेला. हे कापड दुहेरी पन्ह्याचं येतं. ते मधोमध चिरून दोन पट्टे जोडले की अडीच वारात काम भागतं. जोड एका चुणीच्या पोटात जातो. शिवाय दोन्ही पट्ट्यांना एकेक काठ मिळतो, तो खालच्या बाजूला ठेवला की खाली दुमडून शिवायचं कामच उरत नाही. हे बघून मला फार आनंद झाला. कापड वाचवायचं तर असं, डोकं लावून.

बाईंनी हिशेब मोकळेपणाने सांगितला. कापड पन्नासच्या आसपास. चामड्याचे पट्टे, बकलं, कॅनव्हास, दोरा मिळून दहा. उरले पासष्ट, आणि काम पाच तासांचं. म्हणजे तासाला तेरा पौंड. त्यातच वीज, मशीनची दुरुस्ती आणि गिऱ्हाइकाशी मापांवरून चालणारी निरोपानिरोपी. त्यांची वर्षाची उलाढाल 90,000 पौंडांच्या आत आहे, म्हणून त्यांना व्हॅट लावावा लागत नाही. हाच किल्ट मोठ्या दुकानाने याच किमतीला विकला, तर जवळपास एकवीस पौंड सरकारजमा होतील. यातून आणखी दहा कमी करा म्हणणं मला तरी जमलं नाही, आणि कुणी करूही नये.

आता शिलाई. स्कॉटलंडमध्ये घराण्याघराण्याची चौकट वेगळी; आम्ही ब्लॅक वॉच नावाच्या चौकटीचं कापड घेतलं. गडद निळं, हिरवं, काळं, कुठल्याही स्कॉटिश घराण्याचा नसलेला माणूस निर्धास्त घालू शकतो, आणि गिरण्या ते कायम विणत असल्यामुळे खास विणून घ्यायचा खर्च नाही. प्रत्येक चुणीत चौकटीचं एक पूर्ण आवर्तन धरलेलं आहे, त्यामुळे मागूनही पुढच्यासारखीच नक्षी अखंड दिसते. मी खालपासून वरपर्यंत बोट फिरवून पाहिलं, आडव्या रेघा एका चुणीवरून दुसरीवर सरळ जातात, कुठे सुतभर हललेल्या नाहीत. नितंबांपाशी इंचभर दिसणारी चुणी कमरेपर्यंत निमुळती होत जाते. आत कॅनव्हासची पट्टी आहे आणि बकलांचा ताण तीच घेते.

शेजारच्या मुलाने पर्यटकांच्या एका दुकानातून पस्तीस पौंडांचा ॲक्रिलिक किल्ट आणला होता. तोही उलटा करून पाहिला. कॅनव्हास नाही, चुण्या मोजक्या आणि उथळ, वरून नुसती एक टीप. धुतल्यावर त्याच्या घड्या गेल्या, गोळे धरले आणि पट्ट्यापाशी शिवण उसवली. स्वस्तातले बरेच किल्ट पाकिस्तानातल्या सियालकोटहून येतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बॅगपाइपही बनतात, कारागिरांचा हात चांगलाच आहे. पण दर इतका खाली पाडल्यावर कापड कुठून चांगलं येणार आणि कॅनव्हासचे पैसे कोण देणार?

आमच्या किल्टला उणं नाही असं नाही. कापड हलकं आहे, क्लाइड नदीच्या काठी वारा सुटला की मागून उडतो. लोकरीचा भारदस्त झोल याला नाही, नाचताना तो फरक दिसतो. डावीकडचा पट्टा एक भोक आखूड निघाला, बाईंनी पैसे न घेता बदलून दिला. मशीनमध्ये थंड पाण्यात धुतला तरी घड्या जागच्या जागी आहेत. मात्र मी धुण्याआधी चुण्या खालून कच्च्या टाक्याने बांधते, तेवढं कराच.

माप देताना जीन्सचा नंबर सांगू नका. किल्ट बेंबीजवळ बसतो, तिथलं माप घ्या, नितंबांचं वेगळं, आणि लांबी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. चौकट जुळवून चुण्या घालणार का, आत कॅनव्हास असेल का, हे आधी विचारा. 25 जानेवारीच्या बर्न्स नाइटला (स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीला) घालायचा असेल तर नोव्हेंबरातच सांगून ठेवा, डिसेंबरात आमच्या बाई नवीन काम घेत नाहीत.