ब्रॅकेट कशाचा: एमएस की ॲल्युमिनियम?

घरी बांधायच्या गाडीत इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटला मी डोळे झाकून 6 मिमीची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेटच घेईन. पुठ्ठ्याचा साचा कापायचा, प्लेटवर आखायचं, ग्राइंडरने कापून जागेवर वेल्डिंगचे टाके मारायचे. इंजिन तिरकं बसलं तर टाका तोडून पुन्हा. नाक्यावरचा वेल्डरही हे काम करतो.

ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, हा मोह खराच. पण 6061-टी6 (ॲल्युमिनियमचा एक मजबूत मिश्रधातू) वेल्ड केलं की सांध्यालगतची ताकद बरीच उतरते, शिवाय इंजिनच्या सततच्या थरथरीने तडा जायची भीती. आर्गन वेल्डिंगचा चांगला कारागीर शोधावा लागतो तो वेगळाच.

बॅटरी ट्रे, डॅशबोर्डचं पॅनेल इथे मात्र ॲल्युमिनियमच. रिव्हेट मारा, झालं. पोलादाला टेकतं तिथे रबराची पट्टी घाला, नाहीतर पावसाळ्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.