बायव्हॅलिरुडिन २५० मि.ग्रॅ. इंजेक्शन: इम्पेला आणि एकमोच्या रुग्णांत कितपत उपयोगी?

हृदयाच्या तात्पुरत्या पंपावर (हृदयात बसवलेला इम्पेला, किंवा शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत पाठवणारे एकमो) असलेल्या रुग्णात रक्त गोठू नये म्हणून पहिली निवड आजही हेपारिनच. ते स्वस्त आहे, कुठेही मिळते आणि रक्तस्राव झालाच तर प्रोटॅमिनने त्याचा परिणाम उतरवता येतो. त्याच कामाचे बायव्हॅलिरुडिन कितीतरी महाग, शिवाय त्यावर उतारा नाही. तरीही काही रुग्णांत तेच हवे.

हेपारिन सुरू केल्यापासून ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आले, तर एचआयटीचा (हेपारिनमुळेच प्लेटलेट घटून गुठळ्या होण्याचा विकार) संशय धरायचा आणि हेपारिन सगळीकडून काढायचे. चूक इथेच होते. ठिबक बंद होते, पण आर्टिरियल लाइनच्या (धमनीतल्या नळीच्या) फ्लशमध्ये आणि इम्पेलाच्या पर्ज द्रावणात (पंपाच्या मोटरमध्ये रक्त शिरू नये म्हणून सतत सोडलेले द्रावण) हेपारिन राहून जाते. पर्जसाठी ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये २५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम बायकार्बोनेट घालणे हा चांगला पर्याय आहे. आमच्या मते एचआयटी नसतानाही तो विचारात घ्यावा. पर्जचा वेग यंत्र स्वतः ठरवते, तासाला २ ते ३० मि.लि. इतका. द्रावणात मि.लि.मागे २५ युनिट हेपारिन असेल, तर तासाला ५० ते ७५० युनिट हेपारिन आपण न ठरवताच रुग्णाच्या रक्तात जाते.

हेपारिनला काम करायला रक्तातले अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन लागते. ते कमी असल्याने हेपारिन कितीही वाढवले तरी एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) हलत नसेल, तर तिथेही बायव्हॅलिरुडिन कामाचे. ते थेट थ्रॉम्बिनवर (रक्त गोठवणाऱ्या घटकावर) बसते, त्याला अँटिथ्रॉम्बिन लागत नाही. पंपामुळे रक्तपेशी फुटत असल्या की हेपारिनचा परिणाम मोजणारी अँटी-टेन-ए चाचणी खोटी कमी येते. त्या आकड्यावर विसंबून हेपारिन वाढवणे धोक्याचे.

आता तयारी. कुपीत ५ मि.लि. निर्जंतुक पाणी घालून हलकेच फिरवा, जोरात हलवू नका. मग ते सलाइनमध्ये पातळ करायचे. एकूण ५० मि.लि.मध्ये केले तर ७० किलोच्या रुग्णाला ०.०५ मि.ग्रॅ./किलो/तास या मात्रेसाठी तासाला जेमतेम ०.७ मि.लि. जाते, इतक्या कमी वेगात पंपाची अचूकता टिकत नाही. ५०० मि.लि.मध्ये केले तर ७ मि.लि. जाते, ते सोयीचे. पातळ केलेले द्रावण २४ तासच चालते. या मात्रेत दिवसाला ८४ मि.ग्रॅ. लागते, म्हणजे कुपीतले दोन-तृतीयांश औषध फेकावे लागते. खर्च सांगताना नातेवाइकांना हेही सांगावे.

एपीटीटी सुरुवातीनंतर २ तासांनी, आणि मात्रा बदलल्यावर पुन्हा २ तासांनी. नमुना औषधाच्या लाइनमधून घेऊ नका. मूत्रपिंड नीट असेल तर औषधाचे अर्धायुष्य (रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ) सुमारे २५ मिनिटे, डायलिसिसवरच्या रुग्णात मात्र साडेतीन तासांच्या आसपास. तिथे ०.०३ मि.ग्रॅ./किलो/तासपासून सुरुवात करावी.

सर्वांत मोठी उणीव साचलेल्या रक्तात दिसते. थ्रॉम्बिनच या औषधाचे तुकडे करते आणि नवे औषध तिथे पोहोचत नाही. एकमोवर महाधमनीची झडप उघडत नसेल, डावा कप्पा तुडुंब असेल किंवा वीनिंगसाठी (यंत्राचा आधार हळूहळू काढण्यासाठी) प्रवाह बराच खाली आणायचा असेल, तर गुठळी होऊ शकते. अशा रुग्णात एचआयटी नसेल, तर हेपारिनच ठेवावे. एचआयटी असेल तर रोज इको करून कप्पा आणि झडप पाहावी, आणि कमी प्रवाहाचा काळ शक्य तितका आटोपता घ्यावा.