बडोद्यातली फॉर्म भरून देणारी दुकानं आणि एम.फार्म.: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाहीत

जीपॅट ही एम.फार्म. म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. तिचे अर्ज सुटले की रावपुरा, दांडिया बाजार, फतेगंज इथल्या झेरॉक्सच्या दुकानांवर पाट्या लागतात: ‘एम.फार्म.चे सर्व फॉर्म भरून मिळतील’. पॅकेजमध्ये साधारण चार कामं येतात. जीपॅटचा अर्ज, एसीपीसीची (गुजरातची प्रवेश समिती) नोंदणी, कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम आणि शिष्यवृत्ती. दर एकच सांगितला जातो, पण कामाचा दर्जा एक नाही. माझे गुण असे: स्कॅनिंगला पैकीच्या पैकी, कागद तपासण्याला निम्मे, पसंतीक्रमाला शून्य.

दुकान ताजं आहे की शिळं, हे पाटीवरूनच कळतं. 2010 ची पहिली जीपॅट एआयसीटीईसाठी (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाने घेतली होती. 2019 पासून ती एनटीएकडे (राष्ट्रीय परीक्षा संस्था) गेली आणि 2024 पासून एनबीईएमएसकडे (वैद्यकीय परीक्षांचं राष्ट्रीय मंडळ). पाटीवर अजून एनटीए लिहिलेलं असेल तर पुढच्या दुकानात जा. संस्था बदलली तसे फोटोचे, दुरुस्तीचे नियमही बदलले आणि नेमके तेच या दुकानदाराला ठाऊक नसतात.

स्कॅनिंगचे पैसे मात्र खुशाल द्या. एनबीईएमएस फोटो, सही आणि अंगठा बारकाईने तपासते. खोट निघाली तर दुरुस्तीची खिडकी उघडते, पण ती मुदत चुकली की अर्ज बाद. पांढरी पार्श्वभूमी हवी, चेहऱ्याने चौकटीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापायला हवा, फोटो अलीकडचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो आधीच दाबला गेलेला असतो. तो पुन्हा लहान केला की चेहरा पुसट होतो, म्हणून पेनड्राइव्हवर मूळ फाइल न्या. अंगठा उठवताना शाई जास्त झाली की रेषा भरून जातात. आधी रद्दी कागदावर एक ठसा उठवायचा आणि दुसरा अर्जासाठी घ्यायचा. मोबाईलने काढलेल्या सहीवर हाताची सावली पडते, सपाट स्कॅनरवर पडत नाही.

टायपिंग मात्र खिडकीशी बसून, स्क्रीनवर नजर ठेवून करून घ्या. अर्ज सादर झाल्यावर नाव, राष्ट्रीयत्व, ईमेल, मोबाईल क्रमांक आणि परीक्षेचं शहर बदलता येत नाही. ओटीपी पटकन मिळावा म्हणून ऑपरेटर स्वतःचा नंबर घालून मोकळा होतो आणि मग प्रवेशपत्राचा निरोप त्याच्या फोनवर येतो, तुमच्या नाही.

नावाचा घोळ बडोद्यातल्या मराठी घरांत जास्त. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. वडील घरी प्रकाशराव, आधारवर नुसते प्रकाश आणि शाळेच्या कारकुनाने प्रेमाने केलेले प्रकाशभाई. दुकानदार आधार बघून टाइप करतो, पदवीवर वेगळंच निघतं. परीक्षेच्या दारात ओळखपत्र आणि प्रवेशपत्र जुळलं पाहिजे, प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका जुळली पाहिजे. म्हणून आधी आधार गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं, फॉर्म नंतर. नंतरचं प्रतिज्ञापत्र हा नाइलाजाचा उपाय आहे.

कागद तपासणीला निम्मे गुण दिले, कारण दुकानदार कागद आहे की नाही एवढंच बघतो, चालेल की नाही हे बघत नाही. पीसीआय म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे एम.फार्म.ला बी.फार्म.च्या चार वर्षांचे मिळून किमान 55 टक्के लागतात. जीटीयूचं (गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) सूत्र सीपीआयमधून, म्हणजे दहापैकी मिळालेल्या एकूण श्रेणीगुणातून, 0.5 वजा करून 10 ने गुणायचं असं आहे, म्हणजे 6.0 वाल्याचे बरोबर 55 होतात आणि 5.9 वाल्याचे 54. दुकानात सरसकट 10 ने गुणतात. फॉर्म 59 टक्क्यांनी भरला जातो आणि गाडी पडताळणीला अडते. दुसऱ्या विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं, तेव्हा रूपांतराचं पत्र तिथूनच आणायचं. महाराष्ट्रात शिकून इथे मामाकडे राहायला येणाऱ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेटही सोबत आणावं, ते सक्तीचं आहे.

राखीव वर्गासाठी राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) नॉन-क्रिमिलेअर दाखला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा. एसीपीसीला पहिला, जीपॅट आणि शिष्यवृत्तीला दुसरा. नर्मदा भवनाच्या जनसेवा केंद्रात जाणारच असाल तर एकाच फेरीत दोन्हींचे अर्ज द्या.

एक नियम तर एकाही पाटीवर दिसत नाही. एम.फार्म.ला येणाऱ्याची राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये फार्मासिस्ट म्हणून नोंदणी हवी. आधी नसेल तर प्रवेशापासून एका महिन्यात हवी, नाहीतर प्रवेश रद्द होतो. बी.फार्म.चा निकाल उशिरा लागला की प्रोव्हिजनल डिग्री उशिरा आणि कौन्सिलचा अर्ज त्याहून उशिरा. निकाल लागताच हे काम हाती घ्यायचं, प्रवेशाच्या फेऱ्या संपायची वाट बघायची नाही.

पसंतीक्रमाला शून्य का? दुकानदाराकडे गेल्या वर्षीच्या कटऑफची झेरॉक्स असते आणि तो सगळ्यांना फार्मास्युटिक्स, क्वालिटी अ‍ॅश्युरन्स या क्रमाने ओढतो. तिसरं आणि चौथं सेमिस्टर बहुतेक संशोधनात जातं. तेव्हा कॉलेजच्या नावापेक्षा त्या शाखेचे मार्गदर्शक आणि यंत्रं बघा. अ‍ॅनालिसिस घ्यायचं असेल तर एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) रोज चालतं की कापड घालून ठेवलंय, हे प्रयोगशाळेत जाऊन बघा. फार्माकॉलॉजीसाठी प्राणीगृहाची सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती) नोंदणी विचारा. ती नसेल तर प्रबंध प्राण्यांवरच्या कामाऐवजी संगणकावरच्या डॉकिंगवर (रेणूंची जुळणी तपासणं) उरकावा लागतो. अलेंबिक किंवा सन फार्माच्या संशोधन केंद्रात फॉर्म्युलेशनचं काम करायचं मनात असेल तर फार्मास्युटिक्स ठीकच आहे, पण ते दुकानदाराने ठरवायचं कारण नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज दुकानात भरू नका. एआयसीटीईची पीजी शिष्यवृत्ती दरमहा 12,400 रुपये, जास्तीत जास्त 24 महिने. प्रवेश घेताना जीपॅटचा वैध स्कोअर असेल तरच मिळते, नंतर पास होऊन उपयोग नाही. पोर्टलवरचा विद्यार्थ्याचा आयडी कॉलेजच तयार करतं, दुकानदाराच्या हातात त्यातलं काहीच नाही. अडतं ते बँक खात्यावर. वडिलांसोबतचं जोडखातं चालत नाही, जनधनही नाही. स्वतःच्या एकट्याच्या नावाचं, आधारला जोडलेलं साधं बचत खातं जूनमध्येच उघडून ठेवा.

पैसे देताना दर परीक्षा शुल्क धरून की सोडून, हे आधी विचारा. 2024 मध्ये खुल्या वर्गाला जीपॅटचंच शुल्क 3,500 रुपये होतं. उठण्याआधी सादर केलेल्या अर्जाची आणि पैसे भरल्याच्या पावतीची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर घ्या, पासवर्ड स्वतः बदला आणि दुकानाच्या संगणकावरून लॉगआउट झालंय ना, तेही बघा.