पहिलं क्रेडिट कार्ड: एफडीवरचं की वडिलांच्या कार्डाला जोडलेलं?

सोलापुरात शिकणाऱ्या, पगार नसलेल्या मुलामुलींना बहुधा हे दोनच मार्ग मोकळे असतात. वडिलांच्या कार्डावरचं ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं तुमच्या नावाचं जादा कार्ड, पटकन मिळतं, पण लिमिट सामायिक, बिल फेडायची जबाबदारी वडिलांची. तुमचा स्वतःचा सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी वेळेवर फेडता की नाही हे दाखवणारा आकडा, त्यातून सहसा उभा राहत नाही.

एफडीवरचं, म्हणजे बँकेतली मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं कार्ड १८ पूर्ण झाल्यावर, उत्पन्नाच्या पुराव्याशिवाय निघतं. २०,००० रुपयांच्या एफडीवर ८० टक्के लिमिट दिलं तर १६,००० वापरता येतात; एफडीचं व्याज चालूच राहतं. आमचा कौल यालाच. फक्त हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट, मेसचे पैसे एवढंच त्यावर टाका आणि बिल पूर्ण भरा. नुसतं ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावर दिलेली किमान रक्कम, भरलं की खरेदीच्या तारखेपासून महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. एटीएममधून रोख तर काढूच नका. तिथे शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.